पुढच्या डाव्या चाकाशी

गाडी उंच का करून घेतली असं कुणी विचारलं, की माझा नवरा अजूनही बागेकडे बोट दाखवतो. आमची कलमांची बाग वाडीच्या वर, कातळावर आहे. तिथे जाणारा रस्ता म्हणजे पावसाने कोरलेली घळ आणि तिच्यातून मध्येमध्ये डोकं वर काढलेला जांभा. जुन्या गाडीचा तळ त्या जांभ्यावर घासला, की नवरा स्वतःच्या पोटाला खरचटल्यासारखा कण्हायचा. म्हणून त्याने ती गाडी देऊन एक दणकट, चारही चाकांना जोर असलेली पिकअप घेतली. पुढे पाच माणसं बसतील एवढी केबिन, मागे हौदा. तिचे पेढे वाटून होतात न होतात तोच कोल्हापूरच्या एका गॅरेजात जाऊन ती चार बोटं उंच करून आणली.

त्यासाठी त्याने मोबाईलवर बराच अभ्यास केला होता. त्या व्हिडिओंमध्ये असल्याच उंच गाड्या वाळवंटातून उड्या मारत जायच्या. आपल्याकडे वाळवंट नाही आणि आंब्याच्या पेट्या भरल्यावर उड्या मारून चालत नाही, एवढंच मी म्हटलं. "तुला त्यातलं काय कळतंय?" असं उत्तर आलं. मला त्यातलं काही कळत नव्हतं हे खरंच होतं. त्यालाही कळत नव्हतं, हे उघडकीला यायला मात्र अख्खा पावसाळा जावा लागला.

गाडी उंच झाली आणि तळ घासायचा थांबला. आता टप कलमांच्या फांद्यांना घासायला लागला. मला आत चढायला दारापाशी जांभ्याचा एक चिरा ठेवावा लागायचा. जिथे जाऊ तिथे उतरायलाही तो लागणारच, म्हणून तो हौद्यातून बरोबर न्यायचा. देवरूखला एका साखरपुड्याला गेलो तेव्हा कार्यालयाच्या दारात नवऱ्याने हौद्यातून चिरा उतरवून ठेवला आणि मी भरजरी साडीत त्याच्यावर पाय देऊन खाली आले. सगळे बघत होते. नवऱ्याला वाटलं, गाडी बघतायत.

त्याच दिवशी परतताना तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. गतिरोधकापाशी गाडी हळू झाली आणि माझ्या पायाखाली, डावीकडे पुढे, काहीतरी 'खट्ट' म्हणालं.

"काहीतरी वाजलं," मी म्हटलं.

"कुठे? मला नाही ऐकू आलं."

पुढच्या गतिरोधकाला परत खट्ट.

"आता?"

"जॅक असेल सीटखाली."

घरी आल्यावर मी जॅक काढला. दुसऱ्या दिवशी आवाज होताच. मग पाने, पाण्याची बाटली, छत्री, डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती, एकेक करून सगळं बाहेर निघालं. गाडी आतून एवढी स्वच्छ त्यानंतर कधी झाली नाही. आवाजही आता मोकळ्या जागेत अधिक स्पष्ट यायला लागला. चार-पाच दिवसांनी नवरा एका खड्ड्यापाशी थांबला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "डावीकडून एक आवाज येतोय, तुझ्या लक्षात आलाय का?"

मी म्हटलं, "आता आला."

त्या दिवसापासून आवाज त्याचा झाला. आधी तो ऐकूच येत नव्हता, आता त्याला दुसरं काही ऐकू येईना. गाडीतली गाणी बंद झाली. मी बोलायला लागले की हात वर करायचा, "थांब, थांब." आमच्या लग्नाला पंचवीसेक वर्षं झाली असतील, पण इतक्या एकाग्रतेने त्याने कुणाचं ऐकून घेतलेलं मी बघितलं नव्हतं.

रत्नागिरीतल्या गॅरेजात गाडी नेली. तिथल्या मिस्त्रीने चाक उचललं, हलवलं, पहारीने सगळीकडे ढोसून बघितलं. बॉल जॉइंट गेलाय म्हणाला. तो बदलला. आवाज तसाच. मग शॉकअपचा रबरी बुश. आवाज तसाच. तिसऱ्या वेळी मिस्त्री स्वतः गाडी घेऊन मोठ्या रस्त्याला फेरी मारून आला आणि म्हणाला, "काय नाय वाजत, शेठ." खरोखरच त्याच्याकडे ती वाजायची नाही. गॅरेजच्या आवारात चार माणसं बॉनेटवर बसून गाडी वरखाली नाचवायची, तरी ती गप्प. वाडीच्या वळणाला लागली, की खट्ट.

कोल्हापूरच्या गॅरेजवाल्याला फोन लावला. हा प्रसंग मी स्वयंपाकघरातून ऐकत होते.

"खट्ट असा येतो," नवरा सांगत होता. "नाही नाही, खट्‌खट् नाही. एकदाच. खट्ट. कसा? कडक्? नाही हो, कडक् वेगळं. लोखंडावर लोखंड, पण ओलसर. खट्ट्... ऐकू आला का? मी तोंडाने करतोय."

मला राहवेना. मी बाहेर येऊन म्हटलं, "खट्ट नव्हे, कट्ट आहे तो." तो फोनवर हात ठेवून म्हणाला, "तू मध्ये बोलू नको." त्यावरून आमचं जे झालं त्यात गॅरेजवाला पलीकडे बराच वेळ ताटकळला असणार. शेवटी त्याने एवढंच सांगितलं, की गाडी उंच केली म्हणजे थोडा आवाज यायचाच, सवय होईल.

आता मोठ्या दिरांबद्दल सांगायला हवं, कारण ते त्याच खळ्यात पलीकडच्या घरात राहतात. आमची दोन घरं समोरासमोर, मध्ये एकच खळं, म्हणजे अंगण, आणि एकच विहीर. दीर मिरकरवाड्याच्या बंदरात बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती करतात. उभी हयात त्यातच गेली. चारेक वर्षांपूर्वी विहिरीवरचा पंप बिघडला, तेव्हा दीर कामावर होते आणि पाणी तातडीने हवं होतं, म्हणून नवऱ्याने बाजारातून मिस्त्री बोलावून तो दुरुस्त करून घेतला. दीर संध्याकाळी आले, पंप चालू बघितला आणि विचारलं, "कुणी केला?" बस्स. घरात इंजिनवाला असताना बाहेरचा माणूस आणला, हे त्यांना लागलं. बिघडलेला पंप दुरुस्त केला याबद्दल कुणी रागावतं का, हे नवऱ्याला लागलं. तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नव्हते.

बोलत नव्हते म्हणजे भांडतही नव्हते. गणपतीत दोघे शेजारी उभे राहून एका सुरात आरती म्हणायचे, एकाच ताटातल्या कापरावरून हात फिरवायचे आणि प्रसाद घेऊन आपापल्या घरी जायचे. बाकी सगळा व्यवहार मी आणि माझी जाऊ करायचो. "त्यांना सांग, उद्या फवारणीवाला येणार आहे." "त्यांना म्हणावं, कळलं." मधलं अंतर वीस पावलांचंही नसेल. आम्ही दोघी रोज त्या अंतरातून निरोप नेत-आणत होतो आणि नेताना त्यांच्यातले काटे काढून टाकत होतो.

गाडी रोज संध्याकाळी खळ्यात शिरली, की नवरा ब्रेक लावायचा आणि ती खट्ट करायची. समोरच्या ओट्यावर चहा पीत बसलेले दीर त्या क्षणी जाऊबाईंना मोठ्याने सांगायचे, "पुढचा डावा."

हे इतक्या मोठ्याने सांगायची गरज नव्हती. जाऊबाई त्यांच्या शेजारीच बसलेल्या असायच्या.

पहिल्या दिवशी नवऱ्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशी परत "पुढचा डावा." असं आठवडाभर चाललं. शेवटी नवरा घरात येऊन मला म्हणाला, "त्यांना सांग, बोटीला चाकं नसतात."

मी समोर गेले आणि जाऊबाईंना म्हटलं, "हे म्हणतायत, भाऊजींचं बरोबर असेल."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. चार वर्षांच्या अनुभवाने त्यांना मूळ निरोप काय असेल याचा अंदाज यायचा. "बरं," म्हणाल्या. आणि आत वळून दिरांना सांगितलं, "बघतोस का म्हणून विचारतायत."

दीर म्हणाले, "त्याने विचारू दे." इथे आमचं कौशल्य संपलं.

नवऱ्याने मग स्वतःच गाडीखाली जायचं ठरवलं. भाद्रपदातले दिवस, गणपती नुकतेच गेलेले. रात्री पाऊस झाला होता आणि सकाळी ऊन पडलं होतं. त्याने खळ्याच्या कडेला गाडी लावली, जॅक चढवला, चाक काढून बाजूला ठेवलं आणि टॉर्च घेऊन आत सरपटत गेला. बाहेर फक्त त्याचे पाय दिसत होते. मी ओट्यावर कोकमं निवडत बसले होते. गाडी जराशी तिरपी आहे असं मला वाटलं, पण ती उंच झाल्यापासून मला ती नेहमीच तिरपी वाटायची, म्हणून मी काही म्हटलं नाही.

दीर कामावर निघाले होते. हातात डबा. खळ्यातून जाताना ते नेहमी आमच्या बाजूला न बघता जायचे, पण त्या दिवशी त्यांनी बघितलं. आणि ओरडले.

"भायेर ये! मेल्या, भायेर ये आधी!"

मी आयुष्यात त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. नवरा काही न विचारता बाहेर आला. चार वर्षं ज्याचा शब्द कानावर घेतला नव्हता, त्याच्या एका ओरडण्यासरशी तो उताणाच पाठीवर सरपटत आला. अर्धा बाहेर येतोय तोवर दिरांनी डबा टाकून त्याच्या पायांना धरून उरलेला ओढून काढला. आणि गाडी हळूच, काही घाई नसल्यासारखी, खाली बसली. जॅक ओल्या मातीत एका बाजूने रुतत गेला होता. चाकाची उघडी थाळी चिखलात बुडाली. ती जिथे बुडाली तिथे थोड्या वेळापूर्वी नवऱ्याचं डोकं होतं.

माझ्या मांडीवरची कोकमं खाली सांडली होती, ती मी एकेक वेचायला लागले. एक वेचायची आणि ती परत पडायची. जाऊबाई दारात तोंडावर पदर धरून उभ्या होत्या. दोघे भाऊ चिखलात शेजारी शेजारी बसले होते. दिरांनी अजून धाकट्याचा घोटा सोडला नव्हता.

"मातीवर जॅक लावतात?" दीर शेवटी म्हणाले.

"फळी घातली होती."

"कसली फळी?"

"पेटीची."

"आंब्याच्या पेटीची?" दीर म्हणाले. "आंब्याच्या पेटीच्या फळीवर एवढी मोठी गाडी?" आणि मग दोघेही हसायला लागले. हसता हसता दिरांनी मध्येच तोंड फिरवलं, ते मला दिसलं. नवऱ्यालाही दिसलं असणार, कारण तो उगाचच डब्यातली सांडलेली भाजी गोळा करू लागला.

दीर त्या दिवशी कामावर गेले नाहीत. बंदरात बोटी वर ओढल्यावर त्यांना जे लाकडी ठोकळे लावतात, तसले त्यांच्या पडवीत पडलेले होते. ते आणून त्यांनी गाडी नीट टेकवली, दोनदा हलवून बघितली आणि मग स्वतः खाली गेले. पाठोपाठ नवरा. त्या दिवसापासून आमच्या घरातले दोन पुरुष गाडीखाली राहायला गेले असं म्हटलं तरी चालेल.

आता दुरुस्ती चुटकीसरशी झाली असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. पण दीर होते इंजिनवाले. त्यांनी पहिल्याच दिवशी निदान केलं, की इंजिन ज्या रबरांवर बसवलेलं असतं ती सैल झालीत. ती आवळली. गाडी बाहेर काढली. खट्ट. मग त्यांचं म्हणणं पडलं, की डाव्या बाजूच्या रबराला तडा गेलाय. ते बदललं. खट्ट. त्यांनी आवाज इंजिनापासून चाकाकडे न्यायला तीन दिवस घेतले आणि प्रत्येक मुक्कामाला काहीतरी आवळलं किंवा बदललं. नवऱ्याने एकदा हळूच "दादा, बोटीला चाकं..." अशी सुरुवात केली. मी त्याच्या पायावर पाय दिला.

पण एक गोष्ट दिरांना पक्की माहीत होती. सगळं एकदम उघडायचं नाही. एक वस्तू काढायची, गाडी चालवायची, ऐकायचं. आवाज गेला तर ती. नाही गेला तर ती परत लावायची आणि पुढची काढायची. दोन्ही चाकांना जोडणारी एक लोखंडी दांडी असते, तिच्या दोन्ही टोकांच्या जोडण्या त्यांनी काढून ठेवल्या आणि म्हणाले, "आता चालवून बघ."

"तू चालव," नवरा म्हणाला, "मी ऐकतो."

"मी ऐकणार. आत बसून कळत नाय."

ऐकायचं दोघांनाही होतं, चालवायचं कुणालाच नव्हतं. दोघांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्याकडे परवाना होता. लग्नाआधी वडिलांनी हौसेने काढून दिलेला, आणि वेळच्या वेळी नवा करून घेतलेला. पण नवऱ्याने माझ्या हातात गाडी कधी दिली नव्हती. "रस्ते वाईट आहेत" हे त्याचं कारण होतं. आता रस्ता वाईट असणं हीच गरज होती. मी चिऱ्यावर पाय ठेवून यावेळी उजव्या बाजूने चढले.

गाडी वर कातळावर नेली, कारण तिथे धडकायला काही नव्हतं. पावसाळा संपता संपता कातळ हिरवा असतो आणि गवतात लहान लहान जांभळी फुलं येतात. त्या फुलांमधून मी चालण्याच्या वेगाने गाडी नेत होते आणि दोन्ही बाजूंना पन्नाशी ओलांडलेले दोन गृहस्थ कमरेत वाकून, कान चाकाकडे लावून, गाडीबरोबर धावत होते. "हळू गो, हळू!" डावीकडून दीर ओरडायचे. "थांब! परत!" उजवीकडून नवरा. दिरांना आवाज डावीकडे यायचा, नवऱ्याला उजवीकडे. दर फेरीनंतर दोघे गाडीपुढे येऊन वाद घालायचे आणि मी आत बसून धापा ऐकायचे.

शेजारच्या वाडीतली एक बाई गुरं घेऊन आली होती. थोडा वेळ बघून तिने विचारलं, "काय पडलंय?" दोघे वाकून धावण्यात गुंतले होते, त्यांनी उत्तर दिलं नाही. तिने समजून घेतलं, की दागिना असणार, आणि तीही गवत चाळत आमच्या मागून यायला लागली. पुढच्या फेरीला आणखी एकजण आला. मी मागे आरशात बघितलं, तर चार माणसं वाकून चालत होती.

मला मागे घेणं नीट जमत नव्हतं. गाडी वळवायची म्हणजे माझं पुढे, मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे असं चालायचं. दोघे भाऊ तेवढा वेळ बसून पाणी प्यायचे. माझं वळण संपेपर्यंत त्यांची बरीच विश्रांती व्हायची. आणि त्या पुढे-मागे करण्यात मला काहीतरी वेगळं जाणवलं. पुढे जाऊन ब्रेक लावला की पायाखाली खट्ट. मागे घेऊन ब्रेक लावला की परत खट्ट. पण पुढे जाता जाता, मध्ये जोर न देता, लागोपाठ दोनदा ब्रेक लावला, तर दुसऱ्यांदा काहीच नाही. मी परत करून बघितलं. दर वेळी तसंच. खड्डा नाही, गतिरोधक नाही, सपाट कातळ, तरी आवाज. म्हणजे इतके दिवस आम्ही खड्ड्यांना दोष देत होतो आणि तो आवाज खड्ड्याचा नव्हताच. खड्डा दिसला की माणूस ब्रेक लावतो, एवढाच खड्ड्याचा संबंध.

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून सांगितलं.

"वळव तू आधी," नवरा म्हणाला.

"अहो, ऐका तरी. काहीतरी एकदा पुढे सरकतंय आणि तिथेच राहतंय. मागे घेतली किंवा जोर दिला की मागे सरकतंय."

दिरांनी पाण्याची बाटली खाली ठेवली. "परत कर," म्हणाले. आणि ते मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं अशा पद्धतीने म्हणाले, म्हणजे हुकूम न देता. मी परत केलं. पुढे, ब्रेक, खट्ट. मागे, ब्रेक, खट्ट. ते डाव्या चाकापाशी उकिडवे बसून बघत राहिले.

"सरकतंय," ते म्हणाले. "दांडी तर काढलीय, म्हणजे ती नव्हे. मग काय?"

चाकाला गाडीशी धरून ठेवणारा एक लोखंडी हात असतो. त्याला आर्म म्हणतात. तो गाडीच्या सांगाड्याला मोठ्या बोल्टांनी बसवलेला असतो. दिरांचा संशय तिथे गेला, पण हाताने हलवून ते बोल्ट हलेनात, पान्यालाही घट्ट लागत होते. हलतात की नाही हे बघायचं कसं? खूण करायला हवी होती. नवरा पेन घेऊन आला, ते तेलकट लोखंडावर उठेना. खडू पुसला गेला. मग मी घरून साखरपुड्यासाठी घेतलेलं नेलपेंट आणलं, गडद लाल. दीर ते हातात घेऊन क्षणभर बघत राहिले. मग गाडीखाली शिरले आणि प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पत्र्यावर जाईल अशी एकेक बारीक रेघ त्यांनी काढली. इतक्या काळजीने तर मी माझ्या नखांनाही कधी लावलं नव्हतं.

नेलपेंट वाळू दिलं. मी पुढे-मागे पाच-सहा वेळा केलं. दीर खाली गेले, नवरा टॉर्च घेऊन पाठोपाठ. मग नवऱ्याचा आवाज आला, "तुटली! रेघ तुटली!"

डाव्या चाकाच्या खालच्या लोखंडी हाताच्या मागच्या बोल्टवरची लाल रेघ दोन तुकड्यांत झाली होती. अर्धी बोल्टवर, अर्धी पत्र्यावर, मध्ये नखाएवढं अंतर. बाकी सगळ्या रेघा शाबूत. गाडी उंच करताना हे बोल्ट सैल करावे लागतात. परत आवळताना गाडी खाली, आपल्या वजनावर चाकांवर उभी असायला हवी. कोल्हापुरात कुणीतरी चाकं लोंबकळत असतानाच ते आवळून टाकले होते. गाडी खाली टेकली तेव्हा तो हात हलला, आणि बोल्ट पान्याला घट्ट, पण गाडीच्या वजनाला सैल, असा राहिला.

दिरांनी तो बोल्ट सैल केला. गाडी पूर्ण खाली उतरवली, आम्हा सगळ्यांना बॉनेटवर दाबायला लावून दोन-चारदा नाचवली, आणि मग पान्याला लांब पाइप लावून दोघा भावांनी मिळून आवळला. पाइपचं टोक नवऱ्याच्या हातात, मधला भाग दिरांच्या. दोघांच्या कपाळाला एकसारख्या शिरा उठलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. दांडीच्या जोडण्याही परत लावल्या. उद्या शहरात जाऊन चाकं सरळ करून घ्यायची, असं ठरलं.

मग परत चालवून बघायची वेळ आली. मी पुढे गेले, ब्रेक लावला. काही नाही. मागे घेतली, ब्रेक लावला. काही नाही. दोघे दोन्ही बाजूंना वाकून उभे होते आणि कातळावर नुसता वारा होता. गुरं घेऊन आलेली बाई म्हणाली, "गावलं काय?"

"गावलं," दीर म्हणाले.

"दाखवा तरी."

तिला बोल्ट दाखवावा लागला. तिची निराशा झाली हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

त्यानंतर बाजारात ही हकिकत बऱ्याच जणांनी ऐकली. नवरा सांगतो त्यात तो आवाजाचा माग काढत काढत बोल्टपर्यंत पोचतो आणि दादा पाना देतो. दीर बंदरात सांगतात त्यात ते एकदाच ऐकून बोल्ट ओळखतात आणि धाकटा टॉर्च धरतो. इंजिनाच्या रबरांचा उल्लेख कुठल्याच हकिकतीत नाही. दोन्ही हकिकतींत मी फक्त गाडी वळवते. दोघांची हकिकत एकमेकांच्या कानावर गेली, तेव्हा त्यावरून संध्याकाळभर कडाक्याचं भांडण झालं, समोरासमोर, मोठ्याने, नावानिशी. जाऊबाई आणि मी ओट्यावर बसून ऐकत होतो. मध्ये कुणालाही निरोप न्यावा लागला नाही. जाऊबाई म्हणाल्या, "किती बरं वाटतंय नाही?"

दोन्ही भावांनी एकेक गोष्ट मात्र केली, ती कुणालाही सांगितली नाही. दिरांनी गाडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवायला लोखंडी पायरी जोडून दिली. नवऱ्याने गाडीची दुसरी चावी आणून माझ्या फडताळात टांगली. "घरात एक असलेली बरी," एवढंच म्हणाला.

मार्गशीर्षात मी आणि जाऊबाई वेळणेश्वरला देवदर्शनाला जाऊन आलो, आम्ही दोघीच. जयगडला गाडी फेरीबोटीवर चढवायची म्हणजे मला धडकी भरली होती. फळीवरून चढताना फेरीवाला "या, या, या" करत मागे सरकत होता आणि जाऊबाई डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. चढली. खाडी ओलांडेपर्यंत आम्ही खाली उतरून कठड्याला टेकून उभ्या राहिलो. जाऊबाईंनी पर्समधून चिक्की काढली. नवऱ्याचे दोन फोन येऊन गेले, दिरांचा एक. मी उचलले नाहीत. देवळात दर्शन घेतलं, समोरच्या वाळूत बराच वेळ बसलो आणि ऊन कलायच्या आत परत निघालो.

खळ्यात गाडी लावली तेव्हा दोघे भाऊ वाट बघत उभे होते. कुणी दर्शन कसं झालं असं विचारलं नाही. नवरा उजवीकडून आणि दीर डावीकडून गाडीभोवती फिरले. मागच्या कोपऱ्यावर, फेरीच्या कठड्याला लागून, रंग थोडा खरवडला होता. दोघे तिथे उकिडवे बसले. नवरा म्हणाला नुसतं घासलंय, दीर म्हणाले पत्रा आत गेलाय. मग एकाने टॉर्च मागवला, दुसऱ्याने ओला कपडा.

मी दोघांना दोन्ही वस्तू दिल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.